‘सब चालू है, सेठजी’

ती सकाळ मी अजून विसरलेलो नाही. होळी नुकतीच झाली होती, ऊन चढू लागले होते आणि ठाण्यातले पंखे गरगरत होते. तेवढ्यात राऊ गावाकडच्या एका कोल्ड स्टोरेजमधून फोन आला, आत एक माणूस थंडीने आखडून पडला आहे, जगतो की नाही सांगता येत नाही. बाहेर आम्ही घाम पुसत होतो, म्हणून फोन घेणाऱ्या हेड कॉन्स्टेबलने दोनदा विचारले, "ठंड से? फिर से बोलो."

मी तेव्हा इंदूरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे त्याला टीआय म्हणतात. पणजोबा संस्थानच्या फौजेत नोकरीला आले आणि आम्ही इथलेच झालो. घरात मराठी, ठाण्यात हिंदी आणि चिडलो की दोन्ही, अशी माझी भाषा. या हकिगतीत मी कोणाचेच नाव देणार नाही. ज्यांची ती आहे त्यांनी पुरेसे भोगले आहे.

कोल्ड स्टोरेज बटाट्याचे होते आणि दिवस आवकेचे. माळव्यातला बटाटा निघाला की ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत जाते आणि हम्माल दिवस-रात्र कट्टे वाहतात. कट्टा म्हणजे बटाट्याचे पोते. असे कट्टे चेंबरमध्ये छतापर्यंत रचतात. आम्ही पोचलो तोवर त्या माणसाला सरकारी इस्पितळात हलवले होते. तो गौतमपुऱ्याकडच्या एका खेड्यातला तरुण हम्माल होता. नाडी चालू होती, शुद्ध नव्हती.

पंचनाम्याला मी स्वतः आत गेलो. दार एखाद्या भिंतीएवढे जाड, कडी फक्त बाहेरून. आतल्या बाजूला दारावर रक्ताचे पुसट ठसे होते, हात आपटून आपटून सोलवटलेले असणार. दाराजवळ बटाटे सांडले होते. त्याने दोन कट्टे रिकामे करून ते बारदान अंगावर चढवले होते. दाराशेजारी धोक्याच्या घंटेचे लाल बटण होते. मी ते दाबले. काहीच वाजले नाही. बाहेर येऊन पाहिले तर घंटेची तार लोंबत होती, टोक सरळ कापलेले.

"चूहे ने काटी होगी, साहब," तिथला मुनीम म्हणाला. तो त्याच आवारात राहायचा.

"चूहा पक्कड़ लेकर आया था क्या?" मी विचारले. 

रात्रपाळीला मशीन ऑपरेटर एकटाच होता. कॉम्प्रेसरवर लक्ष ठेवायचे, प्रेशर आणि तापमान बघायचे, माल रचून झाला की चेंबरची दारे लावायची, हे त्याचे काम. चाळिशी ओलांडलेला, आपल्याच मराठी घरातला. आजोबा इथल्या कापड गिरणीत आले होते. त्यानेच संध्याकाळी माल रचून झाल्यावर दार लावले होते आणि त्यानेच सकाळी उघडले होते. आत हम्माल दिसल्यावर आरडाओरडा करून, त्याला खांद्यावर टाकून बाहेर आणणाराही तोच. आम्ही गेलो तेव्हा तो भिंतीला पाठ टेकून उभा होता. डोळे लालभडक.

"मी हाक मारली होती, साहेब," तो म्हणाला. "'कोई है क्या' असं ओरडलो. कुणी बोललं नाही, मग दार लावलं."

"आत फिरून बघितलं होतंस?"

त्याने मान खाली घातली. "नाही."

इथपर्यंत हा निष्काळजीपणाचा मामला होता. पण आम्ही जीपकडे निघालो तसा मुनीम माझ्या उपनिरीक्षकाच्या मागे मागे आला आणि त्याला ट्रॉलीच्या आडोशाला घेऊन गेला. माझा उपनिरीक्षक हुशार, नव्या दमाचा, चंबळकडचा. परत आला तेव्हा त्याच्या चालण्यातच बातमी होती. ऑपरेटरचे आणि त्या हम्मालाचे चार दिवसांपूर्वी कडाक्याचे भांडण झाले होते. हम्माल चेंबरचे दार उघडे टाकतो, थंडावा निघून जातो आणि मालकाची बोलणी ऑपरेटरला खावी लागतात, यावरून. सगळ्यांदेखत ऑपरेटर ओरडला होता, "एक दिन तेरे को अंदर ही बंद कर दूँगा!" शिवाय तिथली विजेची सगळी कामे तोच करत होता, म्हणजे घंटेची तारही त्यानेच कापली असणार. "मेरा नाम मत लेना," असे मुनीमाने बजावून सांगितले होते.

नाव न घेण्याच्या अटीवर मिळालेली खबर मी नेहमी दोन बोटांनी उचलतो. पण भांडण खरे होते. हम्मालांना एकेकटे विचारले, सगळ्यांनी तेच शब्द सांगितले. आवारात कॅमेरे होते, पण फाटकावर आणि वजनकाट्यावर. मशीन रूममध्ये नव्हते, कारण तिथे चोरीला जाण्यासारखे काही नव्हते.

मग मोबाईल पुढे आला. ऑपरेटरने तो मागताक्षणी स्वतःहून खिशातून काढून दिला. उपनिरीक्षकाने आलेले कॉल उघडले आणि माझ्यापुढे धरले. भर रात्री त्या हम्मालाच्या नंबरावरून फोन आला होता. तो उचललेला होता, बोलणेही झाले होते, मिनिटभरापेक्षा कमी, पण झाले होते.

 आत कोंडलेला माणूस बाहेर बसलेल्या माणसाला फोन करतो, बाहेरचा तो उचलतो, ऐकतो, ठेवतो आणि सकाळपर्यंत जागचा हलत नाही. चाकू-सुरीचे गुन्हे मी पुष्कळ पाहिले होते. त्यांत राग असतो, दारू असते. असा थंडपणा मी पाहिला नव्हता.

खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा नोंदवून संध्याकाळी त्याला अटक केली. हम्माल दगावला असता तर खुनाचे कलम लागले असते आणि इस्पितळातून दर फोनला एकच उत्तर येत होते, अजून काही सांगता येत नाही. तोवर फोनची गोष्ट बाहेर फुटली होती. कोणी फोडली ते सांगायला नको. हम्मालाचा मोठा भाऊ गावची माणसे घेऊन ठाण्याच्या फाटकावर येऊन बसला. मी बाहेर गेलो तर त्याने माझा हात धरला. "साब, फोन उठायो ने दरवाजो नी खोल्यो. ऐसो तो कुत्ता के साथ भी नी करे कोई." मी त्याला काय सांगणार? माझेही मत तेव्हा तेच होते.

चौकशीला मी बसलो आणि मराठीतच बोललो. माणूस आपल्या भाषेत खोटे बोलला की लवकर सापडतो.

"रात्री तुला कोणाचे फोन आले?"

"सेठजींचे. रोजच येतात."

"आणखी?"

"आणखी नाही, साहेब."

मी त्याचाच मोबाईल त्याच्यापुढे धरला. त्याने नंबर वाचला, पुन्हा वाचला. मग माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मीच काही तरी लबाडी केली आहे.

"हा फोन मला नाही आला."

"आला. तू उचललास. बोललास."

"नाही बोललो, साहेब. आईशप्पथ नाही." तो इंदुरी पद्धतीने भाऊ म्हणत उपनिरीक्षकाकडे वळला. "भिया, मैं सुनता तो खोलता नहीं क्या?"

"वही तो पूछ रहे हैं," उपनिरीक्षक म्हणाला.

मी त्याला एक वाट मोकळी करून दिली. ही जुनी रीत आहे. खोटारड्याला पळवाट दाखवली की तो लगेच त्यात शिरतो. म्हटले, "दुसऱ्या कुणी उचलला असेल. फोन कुठे ठेवला होतास का?"

तो विचार करून म्हणाला, "नाही साहेब. फोन माझ्या खिशातच असतो. मशीन रूममध्ये मी एकटाच होतो. दुसरा कोण उचलणार?"

माझे पेन तिथेच थांबले. पकडलेला माणूस नेटवर्क म्हणतो, राँग नंबर म्हणतो, फोन चार्जिंगला होता म्हणतो. हा बाबा स्वतःच्या हाताने पळवाटेवर कुलूप लावत होता. "मग उचलला कुणी?" मी विचारले. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकले आणि रडायला लागला. "मीच उचलला असणार. पण मला ठाऊक नाही हो, साहेब."

बाहेर आल्यावर उपनिरीक्षक म्हणाला, "सर, नौटंकी है. खुद बंद किया, खुद खोला, खुद रो रहा है. रातभर खड़ा रखते हैं, झपकी नहीं लेने देंगे. सुबह तक सब उगल देगा."

"सुबह तक तो वो ये भी उगल देगा कि आलू उसी के बाप ने बोए थे."

"सर, फिर कल कोर्ट में रिमांड किस बात पर माँगेंगे?" तो जरा थांबला आणि वर म्हणाला, "बाहर लोग बोल रहे हैं, टीआय साहब मराठी हैं, आरोपी भी मराठी है."

मला संताप आला, पण त्याच्यावर नाही. तो ऐकलेले सांगत होता. अटक केलेल्या माणसाला ठरलेल्या मुदतीत न्यायाधीशांपुढे उभे करावे लागते. ती मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संपत होती, म्हणजे दुपारीच कोर्ट गाठायचे होते आणि फाटकावरची माणसे वाढत होती. तरीही मी नाही म्हटले. जागवून माणसाला बोलता करण्याच्या मी कायमचा विरुद्ध होतो. यात दयामाया कमी आणि अनुभव जास्त. झोप मोडलेला माणूस खरे सांगत नाही, सुटका होईल ते सांगतो. असा जबाब कोर्टात पहिल्या प्रश्नाला फाटतो, शिवाय ते बेकायदा आहे ते आहेच. मी म्हटले, "उसको कंबल दो, खाना दो, सोने दो. कोई उठाएगा नहीं."

त्याला ताट दिले. दोन घास खाल्ले आणि पोळीचा तुकडा हातात धरूनच तो कलंडला. हेड कॉन्स्टेबलने गजांतून हात घालून ताट बाजूला सरकवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठाण्यात आलो तर तो तसाच, त्याच कुशीवर. बाहेरच्या बाकावर त्याची बायको डबा घेऊन बसली होती. साधी, धीट बाई. नवरा कशात सापडला आहे हे तिला अर्धवटच माहीत होते. 'कुणीतरी आत अडकलं आणि यांनी दार लावलं', एवढेच. फोनचे तिला कोणी बोलले नव्हते.

"उठवू नका, साहेब," ती म्हणाली. "सीजन सुरू झाला तेव्हापासून असे झोपलेच नाहीत हे. दुसरा ऑपरेटर सोडून गेला ना. रात्री ड्यूटी, सकाळी येऊन आंघोळ करतात, डोळा लागला की सेठचा फोन, मोटर बघ, बेल्ट बघ, फिर जाओ."

मी रिमांडचा अर्ज वाचत बसलो. तेवढ्यात हेड कॉन्स्टेबलच्या टेबलावरचा मोबाईल वाजला. कंपनी फोनसोबत जी देते तीच साधी घंटी. आमच्याकडे अर्ध्या शहराच्या फोनला तीच असते.

कोठडीतला माणूस उठून बसला. डोळे मिटलेले. उजवा हात खिशाकडे गेला, मग रिकामी मूठ कानाला लागली आणि स्वच्छ, खणखणीत आवाजात तो म्हणाला, "हाँ, सब चालू है सेठजी, प्रेशर बराबर."

मग हात खाली आला आणि तो पुन्हा आडवा झाला.

 हेड कॉन्स्टेबलने फोन न घेताच बंद केला. उपनिरीक्षक जागचा उठला होता. आश्चर्य वाटले नाही ते फक्त त्या बाईला.

"असंच करतात हे," ती डब्याची कडी नीट लावत म्हणाली. "घरी पण. मी म्हणते, येताना मटार आणा. हे 'हो, हो, आणतो' म्हणतात, एकदम साफ. आणि मग विचारलं तर म्हणतात, तू बोललीच कब? रोज भांडणं होतात आमची याच्यावरून. मला वाटतं, मुद्दाम करतात."

मी तिला तिथेच थांबायला सांगितले. उपनिरीक्षकाला खूण केली, हेड कॉन्स्टेबलच्या फोनवर पुन्हा फोन लाव. स्वतः कोठडीच्या गजांशी जाऊन उभा राहिलो. घंटी वाजली. मूठ कानाला लागली. मी गजांतून वाकून, दबक्या आवाजात म्हणालो, "भिया, मैं अंदर रह गया हूँ. दरवाजा खोलो."

"सब चालू है सेठजी," तो म्हणाला. "प्रेशर बराबर."

मी पुन्हा म्हणालो, "दरवाजा खोलो, भिया. ठंड लग रही है."

"हाँ, सेठजी."

हात खाली पडला. श्वास पुन्हा संथ.  त्या रात्री चेंबरच्या दारामागे काय झाले ते मी आत्ताच, भर उजेडात, स्वतःच्या कानांनी ऐकले होते.

उपनिरीक्षकाने कपाळाचा घाम पुसला. तरी म्हणाला, "सर, नाटक भी हो सकता है." बरोबर बोलला. पोलिसाने असेच बोलावे. कोठडीत झोपेत बडबडणारे आम्ही कमी पाहिले नव्हते. मी सगळ्यांना, त्या बाईलाही, ताकीद दिली की हे वाक्य या खोलीबाहेर जाता कामा नये. ज्याने ते त्या रात्री ऐकले, त्याच्या तोंडून आले तरच त्याला किंमत होती. आमच्या माहितीप्रमाणे तो अजून बेशुद्ध होता.

आधी मी मालकाकडे गेलो. सुपारी कातरत बसले होते. ऑपरेटर कसा माणूस आहे, विचारले.

"झगड़ालू है, पर फोन के मामले में पक्का," ते म्हणाले. "रात में चार बार लगाता हूँ, दूसरी घंटी में उठाता है. मैंने आदत डाल दी है, साहब. नहीं तो ये लोग सो जाते हैं."

"उठाके क्या बोलता है?"

"रोज वही. सब चालू है सेठजी, प्रेशर बराबर." त्यांनी त्याची नक्कलसुद्धा करून दाखवली आणि हसले.

मी हसलो नाही. घंटी वाजली की उठायचे आणि एवढेच बोलायचे, हे त्याला या गृहस्थांनी शिकवले होते. तो इतका तयार झाला होता की त्यासाठी त्याला जागे व्हायचीही गरज उरली नव्हती आणि हे त्यालाही कळले नव्हते.

तिथून थेट इस्पितळ.  कोर्टाची वेळ जवळ येत होती. वॉर्डाबाहेर हम्मालाचा भाऊ भिंतीला लागून बसला होता, माझ्याकडे बघून त्याने मान फिरवली. आतून डॉक्टर बाई आल्या. तरुण होत्या, त्यांचेही डोळे लाल. रुग्ण सकाळीच शुद्धीवर आला होता. थोडे बोलता येईल, म्हणाल्या. मी त्यांना बाजूला घेऊन विचारले, माणूस झोपेत फोन उचलून नीट बोलू शकतो का?

 "शकतो. फार थकलेला मेंदू सगळा एकदम जागा होत नाही. कान आणि तोंड जागं होतं, बाकीचं झोपलेलं राहतं. सवयीचं असेल तेवढं माणूस बोलून जातो, मग आठवतही नाही." मग जरा ओशाळून म्हणाल्या, "सर, आमच्या सिस्टर मला रात्री फोनवर औषध विचारतात ना, मग शेवटी एक उलटा प्रश्न करतात. डॉक्टर, पेशंट कोणत्या बेडचा? त्याचं उत्तर आलं तरच मी जागी आहे असं धरतात. माझ्याच सांगण्यावरून."

जबाब डॉक्टरांसमोर घेतला. हम्मालाच्या हातांना पट्ट्या होत्या. आवाज अगदी बारीक. मी मुद्दाम एकही सूचक प्रश्न केला नाही. एवढेच म्हटले, काय झाले ते आपल्या शब्दांत सांग.

तो सांगू लागला. दोन दिवस-रात्र कट्टे वाहत होता. शेवटची थप्पी लावून झाल्यावर मागे, कट्ट्यांच्या आड, पाठ टेकायला बसला आणि तिथेच डोळा लागला. जाग आली तेव्हा दिवा बंद, दार बंद. घंटा दाबली, वाजली नाही. दाराशी मोबाईलला जरासे नेटवर्क मिळाले, बॅटरी संपत आली होती. जो बाहेर बसला असणार त्यालाच फोन केला.

"उठाया उसने?" उपनिरीक्षकाच्याने राहवले नाही.

"उठायो, साब."

"क्या बोला?"

भाऊ दाराशी येऊन उभा राहिला होता. हम्मालाने डोळे मिटले, जरा दम घेतला.

"बोल्यो, सब चालू है सेठजी, प्रेशर बराबर."

उपनिरीक्षक माझ्याकडे वळला. त्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही.

"म्हने दो बार कयो, दरवाजो खोल. ऊ सेठजी-सेठजी करतो रयो. म्हूँ समझी गयो साब, ऊ जाग्यो नी थो. म्हूँ भी तो सोई गयो थो." फोनवरचा माणूस झोपेतच बोलतो आहे, हे याला तेव्हाच उमगले होते. पुढे फोन बंद पडला. मग त्याने कट्टे रिकामे केले, बारदान अंगावर घातले आणि थप्प्यांमधल्या बोळीत फिरत राहिला. बसलो तर झोप लागेल आणि झोप लागली तर उठणार नाही, हे त्याला कळत होते. एकाच्या न आवरलेल्या झोपेपायी दुसऱ्याला रात्रभर जागून स्वतःचा जीव राखावा लागला. पहाटेच्या सुमाराला पाय वळेनासे झाले, तिथून पुढचे त्याला आठवत नव्हते.

"उस पर गुस्सा है?" मी विचारले.

"था, साब. दरवाजा पीटते बखत था," तो म्हणाला. "उसको छोड़ दो. घर जाने दो."

दाराशी त्याचा भाऊ भिंतीला टेकून खाली बसला आणि ढसाढसा रडू लागला.

तार राहिली होती. ठाण्यात बोलावून मुनीमाला मी फक्त एवढेच विचारले, "मुनीमजी, घंटी किसके कमरे में बजती थी?" त्याच्या तोंडचे पाणी पळाले. घंटा त्याच्याच खोलीत वाजायची. हम्माल मस्तीत बटण दाबायचे, दिवसभर हिशेब करून थकलेल्या याची रात्री झोपमोड व्हायची. एक दिवस त्याने पक्कड घेतली. खबर देण्याची घाई त्याला का होती, हेही मग उघड झाले. या प्रकरणात दोषी शोधायला निघालो तर जिकडेतिकडे झोपेला मोताद झालेली माणसेच सापडत होती. पोटभर झोपण्याची सोय होती ती फक्त मालकांना आणि तेही चार वेळा उठून इतरांची मोडायचे.

त्या दुपारी कोर्टात आम्ही रिमांडचा अर्ज दिलाच नाही. सगळी परिस्थिती लेखी मांडली, खुनाच्या प्रयत्नाचे कलम काढले, निष्काळजीपणाचे मालक आणि मुनीम यांच्यावर लावले. ऑपरेटर आत फिरून बघायला चुकला होता, ती चूक मी लपवली नाही. पण एकाच माणसाकडून दिवसाची आणि रात्रीची अशी दोन्ही कामे घेणाऱ्याने ती चूक घडवली होती, हेही तितक्याच ठळकपणे लिहिले. कोर्टाने त्याला सोडले.

सुटल्यावर तो घरी गेला नाही. बायकोला म्हणाला, आधी इस्पितळात जाऊ. काही वेडेवाकडे होऊ नये म्हणून मी उपनिरीक्षकाला सोबत पाठवले आणि मग राहवेना म्हणून स्वतःही गेलो. तो खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला.  हात जोडावेत की काय, ते त्याला कळेना. हम्मालाने त्याच्याकडे नीट निरखून बघितले आणि विचारले, "नींद हुई, भिया?"

ऑपरेटर खाटेचा लोखंडी दांडा धरून लहान मुलासारखा रडला. मी खिडकीकडे तोंड केले. माझेही डोळे भरून आले होते, सांगायला लाज कसली?

त्या प्रकरणाने मला एक गोष्ट पक्की शिकवली. उत्तर देणारा माणूस जागा असतोच असे नाही. चोऱ्या-दरोड्यांपेक्षा मला पुढे त्याचीच धास्ती जास्त वाटू लागली, कारण माझीही माणसे रात्रभर गस्त घालून सकाळी मिरवणुकीच्या बंदोबस्ताला उभी राहत होती. कमरेला बंदूक, हातात जीपचे स्टिअरिंग आणि वायरलेसवर 'सब ठीक है, सर'. माझ्या ठाण्यापुरता मी नियम केला, गस्तीवरून उतरलेल्याला दुसऱ्या दिवशी बंदोबस्त नाही. वरून बोलणी खाल्ली, खाल्ली तर खाल्ली. आणि रात्री वायरलेसवर 'सब ठीक है' आले की मी डॉक्टर बाईंची युक्ती वापरायचो. "खाने में क्या था आज?" उत्तर यायला वेळ लागला की जीप बाजूला लावायला सांगून अर्धा तास झोपा, असा हुकूम द्यायचो. सुरुवातीला पोरे हसायची. आता माझा तो उपनिरीक्षक स्वतः टीआय आहे आणि त्याच्या ठाण्यात रात्री हाच प्रश्न विचारला जातो, असे कानावर आले आहे.

मी निवृत्त झालो. मुलगा इथेच एका परदेशी कंपनीचे काम रात्री करतो. उजाडता घरी येतो, बूट न काढता पलंगावर पडतो. मी दारातून विचारतो, "चहा ठेवू का रे?" तो म्हणतो, "हो बाबा," एकदम साफ. मग मी विचारतो, "रात्री काय जेवलास?" उत्तर आले तर चहा ठेवतो. नाही आले तर त्याचे बूट काढतो, पडदा ओढतो, त्याचा फोन उचलून बाहेर आणतो आणि दार लोटून घेतो. कडी लावत नाही.